होडीच्या मशीनची धार मंदावली? खाडीत उतरण्याआधी इंपेलर बघा

भिवंडी : खाडीकाठच्या गावात मशीनची दोरी ओढली की जाणता माणूस आधी आवाज ऐकत नाही. तो मागे वाकून बघतो. मशीनच्या डोक्याखाली एक छोटं भोक असतं, त्यातून पेन्सिलीएवढी पाण्याची धार पडायला हवी. धार पडली तर बांधलेली दोरी सोडायची. नाही पडली तर मशीन लगेच बंद करायचं. एवढा एक नियम पाळला तरी कितीतरी इंजिनं वाचतील.

काल्हेर, कशेळीपासून कोन, वेहळे, आलिमघर आणि पलीकडे पायेपर्यंत भिवंडी तालुक्याच्या कडेने उल्हास नदीची खाडी वाहते. मासेमारीच्या छोट्या होड्यांच्या मागच्या फळीवर टांगलेलं आउटबोर्ड मशीन, म्हणजे लोकांच्या भाषेत ओबीएम, इथे नवीन नाही. पण यातली बरीच मशीन जुनी असतात. एकाने वापरून दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला विकलेली. मशीन घेताना लोक पिस्टन बघतात, पंख्याची पाती बघतात, दोरी एका ओढीत लागते का ते बघतात. आतला रबरी इंपेलर शेवटचा कधी बदलला, हे कोणी विचारत नाही. मशीनच्या सर्वांत स्वस्त भागांपैकी हा एक. पण तो गेला तर सर्वांत महागडा भाग, म्हणजे वरचं इंजिन, जाम होतं.

धार कशाची असते?

मोटारसायकलचं इंजिन वाऱ्याने थंड होतं. ट्रॅक्टरला रेडिएटर असतो. आउटबोर्डला यातलं काही नाही. ते ज्या पाण्यात चालतं तेच पाणी खालून ओढतं, इंजिनभोवती फिरवतं आणि परत बाहेर टाकतं. त्यातलं थोडं पाणी बाजूच्या भोकातून मुद्दाम बाहेर सोडलेलं असतं. आत पाणी पोचतंय, हे चालवणाऱ्याला दिसावं एवढ्यासाठीच ती धार असते.

पाणी ओढण्याचं काम इंपेलर करतो. होडी पुढे ढकलणारा बाहेरचा पंखा वेगळा आणि हा वेगळा. इंपेलर खालच्या गिअरकेसच्या वर, एका वाटीत बंद असतो आणि बाहेरून दिसत नाही.

शेतकऱ्याने विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप खोललेला असतो, त्यामुळे इंपेलर हा शब्द त्याला माहीत असतो. पण तो इंपेलर धातूचा किंवा कडक प्लास्टिकचा असतो, कशाला घासत नाही. आउटबोर्डचा इंपेलर मऊ रबराचा असतो. त्याला साधारण सहा पाकळ्या असतात आणि त्या वाटीच्या भिंतीला टेकलेल्या असतात. इंपेलर ज्या उभ्या दांड्यावर फिरतो तो वाटीच्या बरोबर मधोमध नसतो, एका बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे एका बाजूला पाकळ्या दुमडतात आणि दुसऱ्या बाजूला उघडतात. उघडताना जागा वाढते, पाणी आत ओढलं जातं. दुमडताना जागा कमी होते, पाणी वर ढकललं जातं.

यात दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक, रबर भिंतीला घासत फिरतं, म्हणून झिजणं हा त्याचा धर्मच आहे. दोन, त्याला वंगण म्हणून फक्त पाणीच मिळतं. पाण्याविना मशीन चालवलं तर काही सेकंदांत रबर तापायला लागतं. अंगणात घोडीवर टांगून "जरा लागतंय का बघू" म्हणून दिलेली कोरडी रेस इंपेलरचं आयुष्य तिथल्या तिथे संपवू शकते.

खाडीचं पाणी रबर खातं

स्वच्छ पाण्यात इंपेलर दोन-तीन हंगाम निघून जातो. आपल्या खाडीत तेवढा भरवसा धरता येत नाही. भरती-ओहोटीचं पाणी गाळ ढवळत असतं, रेतीचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. हे कण वाटीत गेले की पॉलिश पेपरचं काम करतात. ओहोटीला कमी पाण्यात होडी चिखलातून ओढत नेली तर मशीन पाण्याऐवजी रबडीच पितं.

त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, पावसाळ्यात वाहून येणारी जलपर्णी, जाळ्यातून सुटलेली तंगूस आणि कापडाचे धागे. पाणी आत घ्यायच्या जाळीवर यातलं काहीही चिकटलं की पाणी अडतं आणि आत इंपेलर कोरडा फिरतो. म्हणून खाडीतल्या मशीनचा इंपेलर दरवर्षी खोलून बघावा. चांगला असेल तर परत बसवता येतो, पण एकदा एवढं खोललंच तर नवीन घातलेला बरा.

लक्षणं ओळखा

धार पूर्ण थांबली तर कळतंच. त्याआधीही मशीन सांगत असतं.

रेस दिली की धार येते, कमी केली की थांबते. हे इंपेलर झिजल्याचं नेहमीचं लक्षण. जास्त फेऱ्यांवर पाणी बाहेर फेकण्याच्या जोरावर पंप कसाबसा चालतो. कमी फेऱ्यांवर पाकळ्यांनी भिंत घट्ट धरावी लागते आणि झिजलेल्या पाकळ्यांना ते जमत नाही.

सावकाश चालताना धार ठीक, पण वेगात गेल्यावर मशीन तापतं. अशा वेळी आधी खालची जाळी बघा, बहुतेकदा काहीतरी अडकलेलं असतं.

धारेचं पाणी हाताला सोसवत नाही इतकं कढत, वाफ येते, रंग जळाल्याचा वास येतो, मशीनची ताकद एकदम कमी होते. हे सगळं दिसायच्या आतच मशीन बंद व्हायला हवं होतं, असं समजा.

धार नसली म्हणजे लगेच इंपेलर गेला असं मात्र नाही. आधी धारेच्या भोकात बारीक तार किंवा तंगूसचा जाड तुकडा घालून बघा. मशीन महिनाभर उभं असलं की कुंभारमाशी त्या भोकात मातीचं घर करते. चिखल वाळूनही भोक बुजतं. दोन मिनिटांच्या या कामाने अर्धा दिवस वाचू शकतो.

खोलण्याआधी

इंपेलर घेताना फक्त "पंधरा हॉर्सपॉवरचा द्या" म्हणून चालत नाही. एकाच कंपनीच्या एकाच ताकदीच्या दोन मॉडेलचे इंपेलर वेगळे असू शकतात. मशीन फळीला अडकवायच्या ब्रॅकेटवर मॉडेलची पट्टी असते, तिचा फोटो दुकानदाराला पाठवा. शक्य असेल तर नुसत्या इंपेलरऐवजी पूर्ण संच घ्या. त्यात इंपेलर, चावी, पॅकिंग, ओ-रिंग आणि काही संचांत वाटी व खालची पत्राची चकतीही येते. दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं रबर कडक होतं. पाकळी बोटाने वाकवून बघा. ती लगेच सरळ झाली पाहिजे आणि मुळाशी भेग दिसता कामा नये.

मशीन घोडीवर उभं टांगा. स्पार्क प्लगच्या टोप्या काढून ठेवा. हे विसरू नका, कारण पुढे पंखा किंवा दांडा हाताने फिरवावा लागतो आणि जुनं मशीन कधी उचल खाईल सांगता येत नाही. पेट्रोलची नळी सोडवा. मशीन कोणत्या गिअरमध्ये आहे ते लिहून ठेवा. आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा. संध्याकाळी जोडताना तेच फोटो उपयोगी पडतात.

गिअरकेस उतरवताना

गिअरकेस चार ते सहा बोल्टांवर धरलेली असते. काही मॉडेलमध्ये एक बोल्ट पंख्याच्या वरच्या छोट्या पातीखाली लपलेला असतो. सगळे बोल्ट काढूनही केस हलत नसेल तर तिथे बघा. ती पाती काढण्याआधी तिची जागा खिळ्याने खूण करून ठेवा, नाहीतर नंतर मशीन एका बाजूला ओढतं. गिअर बदलणाऱ्या दांड्याचा जोडही सोडवावा लागतो. कुठे तो बाहेर पुढच्या बाजूला असतो, कुठे झाकणाखाली.

जुन्या मशीनमध्ये खरी परीक्षा इथेच. ॲल्युमिनियमची केस, पोलादी बोल्ट आणि खारं पाणी एकत्र आले की आत पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जणू वितळवून बसवल्यासारखा होतो. जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. म्हणून घाई करू नका. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या. पाना लावल्यावर आधी किंचित आवळा, मग सोडा, परत आवळा. असं पुढेमागे करत बाहेर आणा. तरी हलत नसेल तर त्या जागी कढत पाणी ओता. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे पकड सैल होते. गॅसची ज्योत लावू नका, आत रबरी सील असतात आणि जवळपास पेट्रोल असतं. एवढं करूनही बोल्ट दाद देत नसेल तर तिथेच थांबून मिस्त्रीकडे न्या. तुटलेला बोल्ट ड्रिलने काढण्यापेक्षा न तुटलेला बोल्ट सोडवणं केव्हाही सोपं.

बोल्ट निघाल्यावर केस एकदम पायावर पडू शकते. एकाने खालून धरावी, दुसऱ्याने सोडवावी. फटीत पहार किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, बसायची कड खराब होते. लाकडी पाचर चालते.

पाकळ्या मोजा

केस खाली आली की उभा दांडा तिच्यासोबत येतो आणि त्यावर पंपाची वाटी दिसते. तिचे साधारण चार बोल्ट काढून वाटी वर उचला. आत इंपेलर. त्याच्या पोटात छोटी अर्धचंद्रासारखी धातूची चावी असते, तीच दांड्याला आणि इंपेलरला एकत्र फिरवते. ती चिखलात पडली तर दिवसभर शोधावी लागते, म्हणून खाली जुनं धोतर किंवा गोणपाट अंथरून काम करा.

आता जुना इंपेलर हातात घ्या आणि पाकळ्या मोजा. नव्याला सहा आणि जुन्याला पाच, तर सहावी गेली कुठे? ती खाडीत गेलेली नसते. पाण्यासोबत नळीतून वर चढून इंजिनच्या वाटांमध्ये अडकलेली असते. अनेकजण नवीन इंपेलर बसवून मशीन चालू करतात, धारही बरी दिसते, आणि आठवड्याने इंजिन जाम होतं. मग दोष इंपेलरला, दुकानदाराला नाहीतर नशिबाला. दोष आत राहिलेल्या त्या तुकड्याचा असतो. वरच्या पाण्याच्या नळीत बाग शिंपायच्या पाइपने गोड्या पाण्याचा दाब द्या, तुकडे बहुतेक तिथेच सापडतात. सगळे तुकडे मिळून पाकळी पुरी होत नसेल तर मिस्त्रीकडून इंजिनच्या बाजूचं पाण्याचं झाकण खोलून घ्या.

वाटीच्या आतून आणि खालच्या चकतीवर नख फिरवा. नख अडकेल एवढी खाच असेल तर तेही बदला. खाचेतून पाणी मागे पळतं आणि नवा इंपेलरही जुन्यासारखाच चालतो.

खोललंच आहे तर दोन गोष्टी अजून बघा. पंखा काढून त्याच्या मागे दांड्याला तंगूस किंवा धागा गुंडाळला आहे का ते बघा. तो सील कापतो. आणि गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. तेल ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी शिरलंय, सील बदलल्याशिवाय होडी उतरवू नका.

नवीन बसवताना

सगळं गोड्या पाण्याने धुऊन पुसून घ्या. नवीन पॅकिंग, चकती, मग चावी, मग इंपेलर. पाकळ्यांना भांडी घासायचं लिक्विड किंवा ग्लिसरीन लावा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, काही रबर त्याने फुगतं. वाटी वरून हलकी दाबत उभा दांडा फिरवत राहा म्हणजे पाकळ्या आपोआप दुमडून आत बसतात. बहुतेक मशीनचा दांडा वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याच दिशेने फिरवा, उलट नको. जुनाच इंपेलर परत वापरत असाल तर तो उलटा करून घालू नका. वाकायची सवय लागलेल्या पाकळ्या उलट वाकल्या की मुळातून तुटतात.

वाटीचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. वाटी बहुतेकदा प्लास्टिकची असते, जोरात आवळली तर तडकते.

आता केस परत वर चढवायची. इथे एकाच वेळी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पाण्याची नळी पंपाच्या रबरी तोंडात गेली पाहिजे, उभ्या दांड्याचे दाते वर क्रँकमध्ये बसले पाहिजेत आणि गिअरचा दांडा आपल्या जोडात आला पाहिजे. सर्वांत जास्त चूक नळीत होते. नळी बाजूला राहिली तर नवा इंपेलर सगळं पाणी वाटेतच सांडतो, धार येतच नाही. केस चढवताना एकाने टॉर्च मारून नळीवर नजर ठेवावी.

दांड्याच्या दात्यांना बाजूने ग्रीस लावा, पण माथ्यावर गोळा ठेवू नका. त्या ग्रीसला बाहेर पडायला जागा नसते आणि दांडा पूर्ण आत जात नाही. दाते जुळत नसतील तर वरचं फ्लायव्हील हाताने किंचित, मशीन फिरतं त्याच दिशेला हलवा. केस हाताने वर चढून दोन्ही कडा भिडल्या पाहिजेत. फट राहिलेली असताना बोल्ट आवळून केस ओढून घेऊ नका. काहीतरी जुळलेलं नाही, असा त्याचा अर्थ. तसंच आवळलं तर केस तडकते. बोल्ट लावण्याआधी त्यांना खाऱ्या पाण्यात टिकणारं ग्रीस चोपडा. पुढच्या वर्षी खोलणारा तुमचे आभार मानेल, आणि तो बहुतेक तुम्हीच असाल.

पिंपात चाचणी

पुढे, न्यूट्रल, मागे असे तिन्ही गिअर पडतात का ते मशीन बंद असतानाच बघा. मग मोठ्या पिंपात पाणी भरून गिअरकेस पूर्ण बुडेल, पंख्यावरची आडवी पाती पाण्याखाली राहील असं मशीन टांगा. जागा उघडी हवी, धूर साचता कामा नये. न्यूट्रलमध्ये, कमी रेसवर चालू करा. काही सेकंदांत धार यायला हवी. अर्धा मिनिट झालं तरी धार नाही तर बंद करा आणि नळी तपासा. धार आली तर पाचेक मिनिटं चालवा, पाणी कोमट राहिलं पाहिजे. पिंपात गिअर टाकू नका. नवीन इंपेलर, नळी जागेवर, तरीही धार बारीक आणि मशीन तापतं असेल, तर आतल्या वाटा मिठाने भरल्यात किंवा थर्मोस्टॅट अडकलाय. ते काम मिस्त्रीचं.

पुराच्या बोटींनाही हेच लागू

समुद्रात यांत्रिक बोटींना दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासेमारी करणाऱ्यांना मशीन खोलायला हा काळ बरा. पण ज्या बोटी पुरासाठी ठेवलेल्या असतात त्यांचं काम नेमकं याच दोन महिन्यांत पडतं. २६ जुलै २००५ चा पाऊस ठाणे जिल्हा विसरलेला नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तेव्हा हजारावर प्रवाशांना सुखरूप बाहेर काढताना बोटी वापराव्या लागल्या. भिवंडीत कामवारी नदी चढली की ईदगाह, तीनबत्तीच्या सखल भागात पाणी शिरतं, हे दर पावसाळ्याचं आहे.

अशा बोटींचं मशीन वर्षभर गोदामात उभं असतं. चाललं नाही म्हणजे झिजलं नाही, असं वाटतं. इंपेलरच्या बाबतीत ते खरं नाही. उभ्या मशीनमध्ये त्याच त्या पाकळ्या महिनोन्‌महिने दुमडलेल्या राहतात, रबर तसंच वाकडं होऊन बसतं आणि पहिल्याच दोरीला तुटतं. लोक माडीवर वाट बघत असताना हे कळून उपयोग नाही. मशीन सरकारी असो, ग्रामपंचायतीचं असो वा मंडळाचं, मे महिन्यातच पिंपात चालवून धार बघायला हवी.

मधेच धार गेली तर

खाडीच्या मधोमध धार थांबली तर "काठापर्यंत नेऊ" हा मोह टाळा. मशीन बंद करून नांगर टाका, नाहीतर ओहोटीला होडी वसईच्या दिशेने ओढली जाते. मशीन वर उचलून जाळीतली पिशवी किंवा जलपर्णी काढा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, धातू तडकतो. निवल्यावर परत चालू करून बघा. धार आली तर सावकाश निघा, नाही आली तर वल्ही मारा. म्हणून मशीन कितीही भरवशाचं असलं तरी होडीत वल्ही, नांगर आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवंच.

घरी आल्यावर मशीन पाच मिनिटं गोड्या पाण्याच्या पिंपात चालवा. मीठ आणि गाळ निघून जातो. मशीनवर आतून रंगाने शेवटच्या इंपेलरची तारीख लिहून ठेवा. पुढे मशीन विकलं तरी घेणाऱ्याला ती दिसेल. आणि रोज दोरी ओढली की आधी मागे वळून धार बघा.